पहिला उन्हाळा फक्त पाण्याचा

पत्र : आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो. घरात आम्ही दोघं, सातवीतली मुलगी, दुसरीतला मुलगा आणि सासूबाई. दिवाळीच्या सुट्टीत मालवणला गेलो होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ मुलांनी पाण्यात तोंड घालून प्रवाळ आणि मासे बघितले, आणि तेव्हापासून दोघांनी धोशा लावलाय की घरात समुद्राची टाकी हवी. ह्यांनाही उत्साह आहे. ते म्हणतात, कामासाठी मुंबईला जाणं होतंच, येताना कॅनमधून समुद्राचं पाणी आणू, आणि पुढच्या वेळी मालवणच्या किनाऱ्यावर पडलेले ते पांढरे दगडही आणू. दुकानदार म्हणतो, टाकी लावा आणि आठवड्यात मासे सोडा. सासूबाईंना वाटतं की खाऱ्या पाण्याने भिंती खराब होतील आणि शेवटी सगळं काम माझ्याच गळ्यात पडेल. त्यांचं दुसरं म्हणणं मला पटतं. पंचवीस हजार बाजूला काढलेत. नाशिकच्या उन्हाळ्यात हे जमेल का? सुरुवात कुठून करू?
— एक आई, इंदिरानगर

ताई, जमेल. नाशिकला, तेही फ्लॅटमध्ये, खाऱ्या पाण्याची टाकी ठेवता येते. फक्त मी जे सुचवणार आहे ते मुलांना मुळीच आवडणार नाही. आता मार्च चालू आहे. टाकी एप्रिलमध्ये लावा, पण हा उन्हाळा तिच्यात एकही मासा सोडू नका. पाणी, वाळू, दगड, पंप, पंखा, दिवा सगळं चालू ठेवायचं आणि टाकी मात्र रिकामी. मासे श्रावणात, प्रवाळ दिवाळी झाल्यावर.

याचं कारण नाशिकची हवा. या टाकीला वर्षभर, दिवसरात्र 25-26 अंशांचं पाणी लागतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि थंडीत पहाटे दहाच्या खाली उतरतो. मुंबईकराला फक्त पाणी गार ठेवायची काळजी असते, तुम्हाला हीटरही घ्यावा लागेल. उन्हाळ्यात पंप आणि दिव्यांची उष्णता मिसळून टाकीतलं पाणी आणखी तापतं. ते दिवसेंदिवस 29-30 च्या वर राहिलं की प्रवाळ पांढरे पडायला लागतात. प्रवाळाच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. पाणी फार तापलं की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो. त्याचा रंग त्यामुळेच जातो, आणि हे लांबलं तर तो उपाशी मरतो. तापलेल्या पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो, त्यामुळे मासेही धापा टाकतात.

आता चांगली बातमी. आपला उन्हाळा कोरडा आहे. नाशिकला कूलर चालतो आणि मुंबईला चालत नाही, त्याच कारणाने टाकीच्या पृष्ठभागावर वारा घालणारे दोन छोटे बारा व्होल्टचे पंखे इथे चांगलं काम करतात. पाण्याची वाफ होते आणि पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. पावसाळ्यात हवा दमट झाली की पंख्याचा उपयोग घटतो, पण तेव्हा मुळात गारवा असतो.

याची किंमत वेगळ्या रीतीने मोजावी लागते. वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ टाकीतच राहतं. 100 लिटरच्या टाकीतून मे महिन्यात पंख्याखाली दिवसाला दोन लिटर पाणी सहज उडतं. पाच दिवस कोणी बघितलं नाही तर दहा लिटर गेलं, आणि लिटरमागे 35 ग्रॅम असलेला खारेपणा 39 च्या घरात पोचला. म्हणून काचेवर पाण्याच्या पातळीची खूण करायची आणि रोज तेवढं गोडं पाणी घालायचं. खारं नाही, गोडं. ही गल्लत पहिल्या महिन्यात बहुतेक जण करतात. हेच काम आपोआप करणारं उपकरण मिळतं, त्याला ऑटो टॉप-ऑफ म्हणतात. दिव्यावर थोडे पैसे वाचवा, पण हे घ्याच.

रिकाम्या टाकीचा आग्रह एवढ्यासाठीच. दुपारी दोन वाजता तुमच्या घरातल्या त्या कोपऱ्यात पाणी किती तापतं, हे मी सांगू शकत नाही आणि दुकानदारही सांगू शकत नाही. ते वैशाखच सांगेल. सासूबाई दुपारी घरी असतील तर त्यांना सोपा डिजिटल थर्मामीटर द्या आणि रोज दोन वाजताचा आकडा वहीत लिहायला सांगा. पंखे चालू असताना आकडा 28 च्या आत राहिला तर चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, नको. वारंवार 29 ओलांडला तर चिलर घ्यावा लागेल, आणि ती मोठी रक्कम आहे. हे कळायच्या आधी जीव आणलेत तर पैसेही जातील आणि मुलांच्या डोळ्यांसमोर मासेही मरतील.

टाकी पश्चिमेच्या खिडकीजवळ नको. तुमच्या पहिल्या टाकीसाठी दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच हे माप मला योग्य वाटतं. वाळू-दगड घातल्यावर साधारण 100 लिटर पाणी राहतं. याहून लहान टाकी सोपी जाईल असं सगळ्यांना वाटतं, पण खरं तर ती अवघड जाते, कारण थोडं पाणी लवकर तापतं आणि लवकर खारट होतं. भरलेली टाकी स्टँडसह दीडशे किलोंच्या पुढे जाते, तेव्हा टीव्हीच्या टेबलावर ती ठेवायची नाही. भक्कम स्टँड, भिंतीलगत, पण भिंतीपासून चार बोटं सुटा. सासूबाईंची भीती अगदीच खोटी नाही. बुडबुडे फुटून जे तुषार उडतात ते सुकले की मिठाची पांढरी पुटं धरतात. भिंतीवर आणि कडांवर आठवड्याला ओलं फडकं फिरवलं की झालं. विजेच्या बोर्डावर मात्र ही पुटं धोक्याची. बोर्ड टाकीच्या बाजूला उंचावर लावा, प्रत्येक वायर बोर्डाच्या खाली लोंबून मग वर जाऊ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये शिरत नाही. आणि घरात आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर टाकीच्या आधी तो बसवून घ्या. पाण्यात हात घालताना पंप-हीटर बंद करायचे, हा नियम मुलांना पहिल्या दिवशी शिकवा.

तुमच्या मिस्टरांचे दोन्ही बेत मला रद्द करावे लागणार. मुंबईच्या किनाऱ्याजवळचं पाणी सांडपाण्याने दूषित असतं, आणि कॅनमध्ये कोंडून कसारा घाट चढेपर्यंत त्यातले सूक्ष्मजीव मरून कुजायला लागतात. समुद्राचं पाणी घरीच बनवायचं. बाजारात रीफ टाकीसाठीचं, म्हणजे प्रवाळाच्या टाकीसाठीचं खास मीठ मिळतं, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर क्षार योग्य प्रमाणात असतात. स्वयंपाकाचं मीठ किंवा मिठागराचं खडेमीठ इथे चालत नाही. 100 लिटरला साधारण साडेतीन ते चार किलो मीठ लागतं. ते वेगळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये, आधी पाणी घेऊन त्यात थोडंथोडं मीठ घालत, छोटा पंप लावून एक दिवस फिरवायचं. खारेपणा रिफ्रॅक्टोमीटरने बघायचा. 35 ग्रॅम, किंवा विशिष्ट गुरुत्वात 1.025-1.026.

आणि हे मीठ नळाच्या पाण्यात कालवायचं नाही. गंगापूर धरणाचं पाणी आपल्याला प्यायला उत्तम, पण नळाला येईपर्यंत त्यात क्लोरीन घातलेलं असतं, शिवाय विरघळलेले क्षार असतात. घरचा आरओही पुरेसा नाही, कारण प्यायच्या पाण्यात तो मुद्दाम थोडे क्षार राखतो. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर आकडा शून्य दिसला पाहिजे. त्यासाठी आरओच्या पुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनची एक नळी लागते आणि मिनरल घालणारा भाग वगळावा लागतो. आरओतून वाया जाणारं पाणी लादी पुसायला घ्या. टाकीतून काढलेलं खारं पाणी मात्र तुळशीला किंवा कुंड्यांना नको, ते थेट संडासात.

आता ते पांढरे दगड. मालवणच्या किनाऱ्यावर पडलेले सच्छिद्र पांढरे तुकडे हे बहुतेक मेलेल्या प्रवाळाचे सांगाडे असतात. 2001 पासून सगळे कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ आहे त्याच अनुसूचीत. जिवंत असोत की मेलेले, किनाऱ्यावरून उचलून आणायचे नाहीत. समुद्री घोडे आणि समुद्री काकड्या यांनाही याच कायद्याचं संरक्षण आहे. हे सांगते कारण दुकानात समुद्री घोडा दाखवला की मुलं हटून बसतात.

‘लाइव्ह रॉक’ म्हणून जो जीवजंतूंनी भरलेला दगड विकतात, तो आपल्याच समुद्रातून फोडून आणलेला असण्याची शक्यता असते. तुम्ही कोरडा, माणसाने बनवलेला सच्छिद्र दगड घ्या. वाळूही किनाऱ्यावरची नको, अ‍ॅरागोनाइट या खनिजाची पाकिटबंद घ्या. परदेशी कठीण प्रवाळाबद्दल दुकानदार म्हणेल की हे इंडोनेशियाचं आहे, आपला कायदा लागत नाही. कठीण प्रवाळ वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइटिस करारातही आहेत आणि त्यांना कागदपत्रं लागतात. माझं स्पष्ट मत विचाराल तर घरच्या पहिल्या टाकीत कठीण प्रवाळ नकोतच. कायद्यासाठी नको आणि निगा राखायला अवघड म्हणूनही नको. ते बघायला पुन्हा मालवणला जा. तिथे पाण्यात उतराल तेव्हा त्यांच्यावर पाय देऊन उभं राहू नका, एवढंच.

‘आठवड्यात मासे सोडा’ हा सल्ला मात्र मला चीड आणतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो माशाला विष. दगड-वाळूवर वाढणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते त्या मानाने सोसतं आणि पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. जुन्या निरोगी टाकीतला फिल्टरचा स्पंज कुणी दिला तर विरजणासारखा उपयोगी पडतो. मासे नसताना जिवाणूंना खाद्य म्हणून अमोनियम क्लोराइडचं मोजून बनवलेलं द्रावण घालतात. हाच आपला नवसागर, पण कल्हईवाल्याकडचा नको, त्यात काय मिसळलंय कळत नाही. घातलेला अमोनिया एका दिवसात शून्यावर आला, नायट्राइटही शून्य आणि नायट्रेट वाढलेलं दिसलं, की टाकी तयार. ही तपासणी सातवीच्या मुलीला द्या. नळीत थेंब टाकायचे, रंग जुळवायचा, वहीत आलेख काढायचा. पुढे मासे येईपर्यंत आठवड्यातून एकदा चिमूटभर माशांचं खाणं टाकत राहिलं की जिवाणू टिकतात.

मध्ये केव्हातरी काच आणि वाळू तपकिरी होईल, मग हिरवे केस उगवतील. घाबरू नका आणि औषधं ओतू नका. प्रत्येक नव्या टाकीला हे होतं. दिवा आठ तासांच्या वर ठेवू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये, पाऊस स्थिरावला की क्लाउनफिशची एक जोडी आणा. ऑसेलारिस जातीची दोन लहान पिल्लं घ्या, आणि हॅचरीतलीच मागा. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांच्या प्रजननाचं तंत्र केव्हाच बसवलंय, त्यामुळे समुद्रातून पकडलेला घेण्याचं कारण नाही. शिवाय हॅचरीतला मासा बंद टाकीला आणि कोरड्या खाण्याला सरावलेला असतो. या माशांत सगळे नर म्हणून जन्माला येतात आणि जोडीतला वरचढ पुढे मादी होतो. दोघांतला कोणता मोठा होतोय, याची पैज मुलांना लावू द्या. त्यांना समुद्रफूल (ॲनिमोनी हा फुलासारखा दिसणारा प्राणी) लागतंच असं नाही. ते पहिल्या वर्षी आणूही नका, ते टाकीभर सरकत फिरतं आणि पंपात अडकून मेलं तर सगळं पाणी नासतं. नीट ठेवलेला क्लाउनफिश दहा वर्षं सहज जगतो. तुमची मुलगी तेव्हा कॉलेज संपवून बसली असेल, हे तिला आताच सांगा.

महिन्याभराने वॉचमन गोबी हा छोटा मासा आणि पिस्टल श्रिम्प ही जोडगोळी आणता येईल. पिस्टल श्रिम्प म्हणजे एक छोटी कोलंबी, तिला नीट दिसत नाही. ती बीळ खणते, गोबी दारात पहारा देतो, आणि तिची एक मिशी सतत त्याच्या अंगाला टेकलेली असते. मुलं तासन्‌तास बघतील. गोबी उडी मारतो, म्हणून टाकीवर जाळी हवी. काही गोगलगायी शैवालासाठी. बस, 100 लिटरला एवढी वस्ती पुरे. सिनेमातल्यासारखा तो निळा टँग मासा मुलगा मागेल. तो फूटभर वाढतो, त्याला या टाकीत ठेवणं क्रूरपणा आहे. स्वस्त निळे डॅमसेल मासेही नकोत, ते नंतर येणाऱ्या प्रत्येकाला छळतात.

नाशिकला गोड्या पाण्याची दुकानं पुष्कळ आहेत, खाऱ्या पाण्याचे मासे मात्र बहुधा मुंबईहून आणावे लागतील. तेव्हा मिस्टरांची मुंबईवारी इथे कामी येईल. प्राणवायू भरलेली पिशवी, थर्माकोलचा डबा, पहाटे निघणं. घरी आल्यावर टाकीचं पाणी थेंबथेंब पिशवीतल्या पाण्यात मिसळत तासभर घालवायचा, आणि पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही.

दिवाळीनंतर पहिला प्रवाळ. मशरूम प्रवाळ किंवा लेदर प्रवाळ, म्हणजे कठीण सांगाडा न बांधणारे मऊ प्रकार. वर सांगितलेल्या नावांत ते येत नाहीत, मध्यम उजेडात जगतात आणि नवशिक्याच्या चुका सोसतात. बिलावर प्रवाळाचं नाव लिहून घ्या. झोअँथिड नावाचे रंगीत बटणांसारखे प्रवाळ स्वस्त आणि मोहक असतात, पण त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. लहान मुलं असलेल्या घरात मी ते टाळीन. कुणी दिलाच, तर हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. आणि असा दगड उकळायचा किंवा घासायचा कधीच नाही, वाफेतून विष श्वासात जातं.

घरातल्या काही सवयी बदलाव्या लागतील. तांब्याचा अंश कोलंबी, गोगलगायी आणि प्रवाळ यांना मारतो, तेव्हा तांब्या-पितळेचं भांडं या पाण्याला लावायचं नाही. डास मारायचा स्प्रे, अगरबत्ती-धूप आणि फिनाइल टाकीच्या खोलीत नको. देवघर हॉलमध्येच असेल तर टाकी दुसऱ्या टोकाला ठेवा. हात घालायचा तर साबण पूर्ण धुऊन. वीज गेली की सगळ्यात आधी पाणी हलायचं थांबतं आणि प्राणवायू घटतो, म्हणून घरच्या इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर, म्हणजे टाकीतलं पाणी हलतं ठेवणारा पंप, जोडा. तो थोडीच वीज खातो. हीटर इन्व्हर्टरवर नको.

आता कामाचं. तुमच्या मनात खरा प्रश्न हाच आहे, नाही का? रोजचं काम दहा मिनिटांचं. खाणं घालणं मुलाकडे, आणि दिवसाचा डोस आधीच छोट्या डबीत काढून ठेवा, नाहीतर तो प्रेमाने मूठभर घालेल. आठवड्याला दहा लिटर पाणी बदलायला तासभर लागतो. दहा लिटर पाण्याची बादली उचलणं हे मुलांचं काम नाही आणि तुमचंही नाही. ते मिस्टरांच्या रविवारच्या सकाळी लिहून टाका. ते एप्रिल-मेमध्ये रिकाम्या टाकीचं पाणी किती रविवार बदलतात ते बघा. त्यांनी टाळाटाळ केली तर जुलैत मासे आणू नका, टाकी विका. तेव्हा कोणाचा जीव गेलेला नसेल.

पंचवीस हजारांत रीफ टाकी होणार नाही. दुप्पट धरा, चिलर लागला तर त्याहूनही जास्त. पण सगळं एकदम लागत नाही. टाकी, स्टँड, आरओ-डीआय, मीठ, दगड, वेव्हमेकर, हीटर, पंखे, रिफ्रॅक्टोमीटर आणि तपासणीचे संच आता घ्या, बाकी दिवाळीपर्यंत. जुनी टाकी मिळत असेल तर जरूर बघा, बरेच हौशी लोक वर्षभरात कंटाळून विकतात. फक्त विकणाऱ्याला विचारा की टाकीत माशांच्या रोगासाठी तांब्याचं औषध कधी घातलं होतं का. ते दगडात आणि सिलिकॉनमध्ये मुरून राहू शकतं. उत्तर द्यायला तो चाचरला तर नवी काच घ्या, या सगळ्या खर्चात काच हाच स्वस्तातला भाग आहे.